पेटी, पाटी आणि पट्टी: कोडमधली नावं एडिटरकडून सुधारून घेताना

मागच्या सीझनला आमच्या आत्तेभावाचं डोकं फिरायची वेळ आली होती आणि शेवटी चूक निघाली ती एका जास्तीच्या टी अक्षराची. देवगडात त्याची आंब्याची बाग, भावकीत एकाची होडी, म्हणून एकाच प्रोग्राममध्ये एप्रिल-मे आंब्याचा हिशोब आणि ऑगस्टपासून मासळीचा. प्रोग्राम मी लिहून दिलेला, पण तो इंजिनिअरिंग केलेला आहे त्यामुळे बारीकसारीक बदल स्वतःच करतो. त्याने 'पेटी_नं' च्या जागी घाईत 'पेट्टी_नं' टाईप केलं. (कोडमध्ये हे सगळं रोमनमध्ये आहे, इथे आपल्या सोयीसाठी देवनागरीत लिहितोय.) एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये, एक एक्स्टेन्शन (वरून जोडलेली सोय) होतं, नाव नाही सांगत, ते फाईल सेव्ह करताना 'ओळखीचं नसलेलं' नाव स्वतःच बदलायचं. त्याने केलं 'पट्टी_नं'. कारण तेही नाव त्याच फाईलमध्ये होतं.

आता बघा, पेटी म्हणजे आंब्याची पेटी, प्रत्येकीचा नंबर वेगळा. पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा हिशोबाचा कागद, एका लॉटला एक. दोन्ही आकडेच, त्यामुळे प्रोग्राम गपचूप चालला, लाल रेष नाही, एरर नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी वाशीवरून फोन, की अहो सगळ्या पेट्यांवर एकच नंबर कसा. भाऊ मला म्हणाला, "मेल्या, तुझो एडिटर माझ्यापेक्षा शाणो झालो!"

तेव्हापासून मी या विषयात जरा खोल गेलो आणि आता माझं मत असं झालंय की नाव सुधारायला मशीनची मदत भरपूर घ्यावी, पण मशीनने सुधारणा करायची ती आपल्या प्रोजेक्टमधल्या नावांवरून, इंग्रजी डिक्शनरीवरून नाही, आणि आपल्याला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. हे सगळं कसं बसवायचं ते खाली सांगतो, मी ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने.

आधी थोडं आतलं

मोबाईलचा ऑटोकरेक्ट आणि कोडमधला ऑटोकरेक्ट ही दोन वेगळी जनावरं आहेत. मोबाईलवर एखादा शब्द चुकला तर समोरचा माणूस समजून घेतो. कोडमध्ये चुकीचं नाव परवडतं, कारण ते बहुतेक वेळा फुटतं आणि दिसतं. परवडत नाही ते चुकीच्या जागी बसलेलं बरोबर नाव. पट्टीचं तेच झालं.

हा धडा जुना आहे बरं का. 1960 च्या दशकात वॉरन टाईटलमन यांनी लिस्प या प्रोग्रामिंग भाषेसाठी 'डू व्हॉट आय मीन' नावाची सोय केली होती, म्हणजे तुम्ही चुकीचं टाईप केलं तरी मशीन अर्थ ओळखून दुरुस्त करून चालवणार. तिचा एक किस्सा प्रोग्रामर लोक अजून सांगतात. झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' नावाच्या संशोधन केंद्रात कुणीतरी बॅकअपच्या फायली उडवायची कमांड दिली, तशा फायली नव्हत्याच, तर मशीनने ठरवलं की याला 'सगळ्या फायली उडव' असं म्हणायचं असेल, आणि लागलं कामाला. सुदैवाने माणसाने वेळीच थांबवलं.

'जवळचं नाव' म्हणजे काय हे मशीन मोजतं कसं? 1964 मध्ये फ्रेडरिक डॅमरो यांनी दाखवलं की टायपिंगच्या 80 टक्क्यांहून जास्त चुका चारच प्रकारच्या असतात, एक अक्षर बदललं, एक गळलं, एक जास्त आलं, किंवा शेजारची दोन अक्षरं उलटसुलट झाली. 1965 मध्ये व्लादिमीर लेव्हेनश्टाईन यांचं मोजमाप आलं, त्यात अदलाबदल सोडून बाकी तीन गोष्टी मोजतात, त्यामुळे उलटसुलट अक्षरांना तिथे दोन मार्क जातात आणि डॅमरोच्या पद्धतीत एकच. हे बारीक वाटतं, पण वेगात टाईप करणाऱ्याच्या निम्म्या चुका अदलाबदलीच्या असतात (माझ्या तरी), म्हणून स्वतः काही लिहिणार असाल तर डॅमरोवालीच पद्धत घ्या.

आता 'पेट्टी' घ्या. 'पेटी' पासून अंतर एक, कारण एक टी जास्त. 'पट्टी' पासूनही अंतर एक, कारण ई च्या जागी ए हवा. बरोबरी! साधं मोजमाप इथे नाणं उडवल्यासारखं कुठलंही एक उचलतं. टाईपस्क्रिप्ट भाषेचा कंपायलर (कोड चालवण्याआधी तपासून मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम) इथे जरा हुशार आहे, तो अक्षर बदलण्याला दोन मोजतो आणि अक्षर गळण्या-वाढण्याला एक, म्हणून त्याने 'पेटी'च सुचवलं असतं. शिवाय फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असेल तर तो जवळजवळ फुकटात धरतो, 0.1. नावाच्या लांबीच्या साधारण 40 टक्क्यांपर्यंत फरक चालवतो, आणि तीन अक्षरांपेक्षा छोटी नावं सुचवत नाही. रस्ट भाषेचा कंपायलर एक तृतीयांशपर्यंतच जातो. कुठली मर्यादा बरी? मोठ्या नावाला सैल चालते, पण आपल्याकडची तीन ते पाच अक्षरी नावं, पेटी, होडी, वाडी, दर, यांना कितीही कडक लावा, शेजारी कुणीतरी उभं असतंच.

पहिलं काम: चुकीचं नाव लपू देऊ नका

ऑटोकरेक्टच्या आधी हे करा, नाहीतर पुढचं सगळं वाया. काही भाषांमध्ये चुकीचं नाव लिहिलं की नवीनच व्हेरिएबल (किंमत ठेवायची नाव दिलेली जागा) जन्माला येतं आणि कुणाला पत्ता नसतो.

पायथॉनमध्ये क्लासच्या आत सेल्फ डॉट लिहून चुकीच्या नावाला किंमत दिली की तो आनंदाने नवीन अॅट्रिब्यूट करतो. उपाय, डेटाक्लास वापरा आणि त्याला स्लॉट्स चालू असा पर्याय द्या, ही सोय पायथॉन 3.10 पासून आहे. मग यादीत नसलेल्या नावाला किंमत देताच तो भांडतो. त्यावर मायपाय किंवा पायराईट, ही पायथॉन कोड न चालवता तपासणारी टूल्स, चालू ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये निदान स्ट्रिक्ट मोड, आणि जमलं तर फाईलच्या डोक्यावर अॅट चिन्ह लावून टीएस-चेकची कमेंट, म्हणजे टाईपस्क्रिप्टचा तपासनीस साध्या जावास्क्रिप्टलाही लागू होतो. पीएचपी 8.2 पासून न सांगितलेली प्रॉपर्टी बनवली की निदान इशारा तरी येतो.

आणि एक्सेलवाले! आपल्याकडे निम्मे हिशोब एक्सेलच्या मॅक्रोवर चालतात, हसू नका, माझेही चालतात. मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत ऑप्शन एक्स्प्लिसिट लिहा. टूल्समध्ये ऑप्शन्समध्ये 'रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन' वर टिक करा, म्हणजे नवीन मॉड्यूलमध्ये ती ओळ आपोआप येते, जुन्यात मात्र हाताने घालावी लागते. अजून एक जुनी युक्ती आहे, मला फार आवडते. डिक्लेअर करताना नावात एखादं अक्षर कॅपिटल ठेवा आणि नंतर वापरताना सगळं स्मॉलमध्ये टाईप करा. ओळ संपवून एंटर मारलं की एडिटर ते अक्षर आपोआप कॅपिटल करतो. झालं कॅपिटल तर नाव बरोबर, नाही झालं तर चुकलंय. कितीतरी वर्षं जुन्या एडिटरमध्ये हा सगळ्यात सभ्य ऑटोकरेक्ट आहे, काही बदलत नाही, फक्त मान डोलावतो.

दुसरं: भाषेचा स्वतःचा सल्ला ऐका

पायथॉन 3.10 (ऑक्टोबर 2021) पासून चुकीच्या नावाच्या एररखाली 'तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का' असं येतं, 3.12 मध्ये सेल्फ डॉट विसरलात तर तेही सुचवतो. रुबी, रस्ट आणि सी भाषेचे क्लँग, जीसीसी हे कंपायलर, सगळे हे करतात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये लाल रेषेवर कर्सर नेऊन कंट्रोल आणि डॉट दाबलं की 'स्पेलिंग बदला' असा पर्याय येतो. टाईपस्क्रिप्ट 4.4 पासून साध्या जावास्क्रिप्ट फायलींमध्येही असा सल्ला येतो. 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आला, म्हणजे भाषेचा तपासनीस (लँग्वेज सर्व्हर) आणि एडिटर यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, त्यामुळे हाच सल्ला निओव्हिम, इमॅक्स अशा कुठल्याही एडिटरमध्ये मिळतो, एडिटर बदलायची गरज नाही.

हा सल्ला डिक्शनरीपेक्षा चांगला का, तर कंपायलरला स्कोप माहिती असतो. त्या ठिकाणी कुठली नावं दिसतात हे तो जाणतो आणि त्यातूनच निवडतो. आणि प्रत्येक नावाचा टाईप, म्हणजे त्यात कुठल्या प्रकारची माहिती राहील ते, तुम्ही नीट दिलंत तर अजून एक गाळणी लागते. भावाच्या प्रोग्राममध्ये मी नंतर हेच केलं, पेटी नंबर आणि पट्टी नंबर दोघांना साधा आकडा न ठेवता दोन वेगळे टाईप केले. पायथॉनमध्ये न्यूटाईप म्हणून सोय आहे त्यासाठी. आता कुणी पेटीच्या जागी पट्टी बसवली, माणसाने किंवा मशीनने, तर मायपाय लगेच ओरडतो. अर्ध्या तासाचं काम होतं, सीझनच्या आधी केलं असतं तर वाशीचा फोन आला नसता.

'एकदम सगळं दुरुस्त करा' हे बटण असतं, त्याच्यापासून लांब राहा. एकेक बघून होय म्हणा. दहा सेकंद जातात फार तर.

तिसरं: नाव जन्मतानाच तपासा

कंपायलरला एक गोष्ट कळत नाही. नाव जिथे पहिल्यांदा लिहिलं तिथेच चुकलं असेल तर पुढे सगळीकडे तेच चुकीचं नाव 'बरोबर' ठरतं. वर एडिटरची ऑटोकम्प्लीट तेच परत परत भरवते, म्हणजे चूक एकदा आणि प्रसार शंभरदा. व्हीएस कोडमध्ये शब्दांवर आधारित सजेशन नावाची सेटिंग आहे, ती फाईलमध्ये लिहिलेला कुठलाही शब्द उचलून पुढे करते, चुकलेला असला तरी. ज्या भाषेला चांगला लँग्वेज सर्व्हर आहे तिथे ती बंद करा. अजून एक, कमिट कॅरेक्टरवर सजेशन स्वीकारायची सेटिंगही बंद करा, ती मुळात चालू असते आणि काही भाषांत डॉट किंवा सेमीकोलन दाबलं की समोर जे सजेशन असेल ते घुसवते. हेही एक प्रकारचं न विचारता केलेलं करेक्शनच.

जन्मतानाच पकडायला स्पेलचेकर लागतो, पण नाव तोडून वाचणारा. कॅमल केस (मध्ये कॅपिटल अक्षर), स्नेक केस (मध्ये अंडरस्कोर) तोडून प्रत्येक तुकडा वेगळा तपासतो असा. व्हीएस कोडला कोड स्पेल चेकर एक्स्टेन्शन, त्याच्या आतलं इंजिन सी-स्पेल, चारपेक्षा कमी अक्षरांचे तुकडे तो मुळातच सोडून देतो. जेटब्रेन्सच्या एडिटरमध्ये आधीच बसवलेला येतो. व्हिममध्ये स्पेल चालू करून स्पेलऑप्शन्सला कॅमल द्या, मग झेड आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की पर्यायांची यादी. इमॅक्सचा फ्लायस्पेल-प्रोग मोड फक्त कमेंट आणि स्ट्रिंग तपासतो, नावांना हात लावत नाही, ज्यांना कटकट नको त्यांना तेवढंही पुरे.

पण इथेच आपली गोची होते. पहिल्यांदा मी सी-स्पेल चालू केलं तेव्हा अख्खी फाईल निळी झाली. हापूस, तांडेल (होडीचा म्होरक्या), खलाशी, डागी, बांगडा, लिलाव, त्याच्या मते सगळं चूक! दोन दिवसांत माणूस वैतागून बंद करतो. बंद करू नका, चौथं काम वाचा.

चौथं: आपली मराठी यादी बनवणं, सगळ्यात महत्त्वाचं

आपला खरा प्रॉब्लेम टायपिंगचा कमी आणि रोमन मराठीचा जास्त आहे. एकाच शब्दाची चार स्पेलिंग, आणि चारही 'बरोबर'. हापूस कुणी एका ए ने लिहितो कुणी दोन, शेवटी कुणी यू कुणी डबल ओ. तांडेलला कुणी टी नंतर एच लावतो. गावांची नावं तर विचारूच नका. देवगड व्ही घालून आणि ओ घालून दोन्ही पाट्यांवर दिसतं, मालवण व्ही ने की डब्ल्यू ने, श्रीवर्धनचंही तेच, आणि अलिबागमध्ये बी नंतर कधी ए तर कधी ए यू. (इंग्रज रत्नागिरी जसं लिहायचे ते वाचलं तर आजच्या माणसाला गाव ओळखू येणार नाही, तेव्हा ही परंपरा जुनीच म्हणायची.) दोन माणसांनी कोड लिहिला की एक 'मालवण_बंदर' व्ही ने करतो, दुसरा डब्ल्यू ने, आणि प्रोग्राममध्ये दोन बंदरं तयार.

आवाजावरून नावं जुळवायची कल्पना नवीन नाही, साऊंडेक्स नावाच्या पद्धतीचं अमेरिकेत पेटंट 1918 चं आहे. पण ती इंग्रजी आडनावांसाठी, पहिलं अक्षर ठेवते आणि बाकी स्वर टाकून देते. आपल्याला चालत नाही, कारण मराठीत सगळा खेळ स्वरांचा. मासा, मासे आणि माशी, तिघांनाही साऊंडेक्स एकच कोड देतं, एम 200. मासळीबाजारात माशी आणि मासा एकच असेल कदाचित, हिशोबात नाही.

म्हणून आपली साधी किल्ली बनवा. पन्नास ओळींचं पायथॉन पुरतं, नेट लागत नाही. सगळ्या फायलींमधून नावं गोळा करायची, अंडरस्कोर आणि कॅपिटलवर तोडायची, तुकडे स्मॉलमध्ये आणायचे, प्रत्येक तुकडा किती वेळा आलाय ते मोजायचं. मग प्रत्येक तुकड्यावर हे नियम लावायचे: डबल ए चा एक ए, डबल ई चा आय, डबल ओ चा यू, डब्ल्यू चा व्ही, पी-एच चा एफ, सी-एच-एच चा सी-एच, एस-एच चा एस, झेड चा जे, आणि ज्ञ साठी लोक डी-एन-वाय, जी-वाय, जे-एन असं काहीही लिहितात त्या सगळ्यांचं एकच काहीतरी. शेवटी उरलेली डबल व्यंजनं एकेरी. जे उरलं ती किल्ली. एकाच किल्लीखाली दोन वेगळी स्पेलिंग आली की ती जोडी छापायची, बाजूला किती वेळा वापरलंय तो आकडा.

एक सावधगिरी, टी आणि टी-एच एकत्र करू नका. मोह होतो, तांडेलसाठी तर होतोच, पण मग ताट आणि थाट, ताळी आणि थाळी सगळं एक होतं. तांडेलसारख्यांना दुसरी फेरी आहे, किल्ल्यांमध्ये एकमेकींपासून अंतर एक असलेल्या जोड्या, पण किल्ली निदान सहा अक्षरी असेल तरच. अलिबागच्या दोन स्पेलिंग या दुसऱ्या फेरीतच सापडतात, कारण ए आणि ए-यू पहिल्या नियमात बसत नाहीत. देवगडही तसंच.

मी हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा मजा आली. यादीत सगळ्यात वर होतं पाटी आणि पट्टी! पाटी म्हणजे मासळीची टोपली, नाव डबल ए ने लिहिलेलं, ए एकेरी झाला. पट्टीचा डबल टी एकेरी झाला. किल्ली एकच. आणि त्याखाली वाडी आणि वडी, एक गाव आणि एक अळूवडी (भावाच्या बायकोचा घरगुती पदार्थांचा छोटा धंदा आहे, तोही त्याच प्रोग्राममध्ये घुसलाय). म्हणजे किल्ली खोटं पण बोलते, आणि म्हणूनच तिच्या हातात फक्त बोट दाखवायचं काम द्यायचं, बदलायचं नाही. यादी घेऊन चहा पीत बसायचं आणि प्रत्येक जोडीपुढे ठरवायचं, हा एकच शब्द आहे की दोन.

एकच शब्द असेल तर जे स्पेलिंग जास्त वापरलंय ते जिंकलं, शुद्धलेखनाचा वाद घालत बसू नका. जिंकलेलं स्पेलिंग सी-स्पेलच्या वर्ड्सच्या यादीत, हरलेलं फ्लॅगवर्ड्समध्ये, आणि तिथे बाण काढून पुढे बरोबर शब्द लिहिता येतो, म्हणजे एडिटर तोच सुचवतो. ही यादी आपल्या मशीनच्या सेटिंगमध्ये न ठेवता प्रोजेक्टमध्ये सी-स्पेलच्या जेसन फाईलमध्ये ठेवा, म्हणजे दुसऱ्यालाही लागू.

दोन वेगळे शब्द असतील आणि तरी इतके जवळ, तर नावंच लांब करा. आमच्याकडे पट्टीचं 'हिशोबपट्टी' झालं, पाटीचं 'मासळीपाटी', पेटी तशीच राहिली. मला वाटतं सगळ्या हुशार टूल्सपेक्षा हा एक बदल जास्त कामाचा, कारण आता 'पेट्टी' लिहिलं तर जवळ एकच नाव उरतं, आणि मशीन कितीही बावळट असलं तरी बरोबरच सुचवतं.

मध्येच एक: मग देवनागरीतच नावं लिहिली तर?

विचारतातच लोक. पायथॉन 3 मध्ये चालतं, जावास्क्रिप्टमध्ये चालतं. गोमध्ये अडतं, कारण तिथे नावात अक्षरं आणि अंक चालतात पण आपल्या मात्रा अक्षरं म्हणून मोजल्या जात नाहीत. रोमन स्पेलिंगचा वाद मिटतो हे खरं, पण नवीन भूत येतं. 'खाऱ्या' मधला तो अर्धा र बघा, तो दोन प्रकारे टाईप होतो, एकात खाली नुक्ता असलेला ऱ आणि दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर सारखंच. पायथॉन ते अदृश्य चिन्ह नावात घेतच नाही, सरळ एरर देतो, म्हणजे बरंच आहे. जावास्क्रिप्ट घेतो! म्हणजे डोळ्यांना हुबेहूब दिसणारी दोन व्हेरिएबल, आणि जगातला कुठलाही स्पेलचेकर लावा, तुम्ही रात्रभर बसणार. मी कमेंट देवनागरीत लिहितो, नावं रोमनमध्ये.

पाचवं: बदल करताना

फाईंड-रिप्लेस नको. व्हीएस कोडमध्ये एफ 2, जेटब्रेन्समध्ये शिफ्ट एफ 6, हे रिनेम कोड समजून करतं, 'पाटी' बदलताना 'रत्नागिरीपाटी' ला धक्का लागत नाही. आधी कमिट (गिटमध्ये बदलांची नोंद), मग रिनेम, मग डिफ (काय काय बदललं ते) डोळ्यांनी वाचायचा, मग परत कमिट, आणि एका कमिटमध्ये एकच नाव.

रिनेमला कळत नाही ते म्हणजे कोडच्या बाहेर गेलेली नावं. जेसनमधल्या की, डेटाबेसच्या कॉलम, एक्सेलचे मथळे, वेबचे पत्ते. ती नावं तुमची एकट्याची राहिलेली नसतात. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एचटीटीपीचा रेफरर हेडर, त्यात एक आर गळलाय, मे 1996 च्या आरएफसी 1945 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात तसाच छापला गेला आणि आजही प्रत्येक ब्राऊझर तसाच चुकीचा पाठवतो. युनिक्सच्या क्रिएट कॉलमध्ये शेवटचा ई नाही, तोही तसाच. म्हणून बाहेर गेलेलं नाव सुधारायचं असेल तर नवीन नाव घाला, जुनंही चालू ठेवा, आणि मधे एकाच ठिकाणी दोघांची गाठ मारा.

वेळेचं म्हणाल तर मी हे असलं नावबदलाचं काम जून-जुलैत काढतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आंबा संपलेला, प्रोग्राम कुणी उघडत नाही. मे महिन्यात, रोज पेट्या जात असताना, कुणी कितीही सांगितलं तरी एकही नाव बदलू नका.

सहावं: टाईप करताना आणि कमिट करताना

काही चुका तुमच्या बोटांच्याच असतात, कायम त्याच. त्या मात्र खुशाल आपोआप सुधारा, कारण ती यादी तुम्ही स्वतः केलेली असते. व्हिममध्ये इन्सर्ट मोडचं अॅब्रिव्हिएशन, किंवा टिम पोप यांचं अॅबॉलिश प्लगइन, ते एका नियमात कॅपिटल-स्मॉलची सगळी रूपं पकडतं. इमॅक्समध्ये अॅब्रेव्ह मोड. माझ्या यादीत बारा शब्द आहेत, सगळे मोठे, आणि चुकलेलं रूप कुठलंही खरं नाव नाही याची खात्री करूनच घातलेले. पेट्टी त्यात नाही!

कमिटच्या वेळी कोडस्पेल किंवा टायपोज लावा. ही दोन्ही टूल्स डिक्शनरी उलटी वापरतात, म्हणजे माहितीतल्या चुकांची यादी ठेवतात आणि फक्त त्याच पकडतात, त्यामुळे हापूसवर भुंकत नाहीत. कोडस्पेलला कॅपिटल डी च्या पर्यायाने आपली फाईल देता येते, प्रत्येक ओळीत चूक, बाण, बरोबर. टायपोजमध्ये टॉमल फाईलमधे एक्स्टेंड-वर्ड्स खाली तेच. चौथ्या कामातली हरलेली स्पेलिंग इथेही टाका. टायपोज आधी डिफच्या पर्यायाने चालवा, काय बदलेल ते नुसतं दाखवतं. प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत) घालताना फाईल बदलणारा पर्याय काढून टाका, हुकने अडवायचं, दुरुस्ती आपण करायची.

गिटमध्येच या वागण्याचा छान नमुना आहे. हेल्प डॉट ऑटोकरेक्ट ही सेटिंग 50 ठेवली की चुकीची कमांड टाईप केल्यावर तो काय समजलाय ते सांगतो, पाच सेकंद थांबतो (आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, पन्नास सेकंद समजून बसू नका) आणि मग चालवतो. मी त्याऐवजी प्रॉम्प्ट ठेवलंय, विचारूनच करतो.

एआय वाल्या कम्प्लीशनबद्दल थोडक्यात. वापरतो, पण नावांसाठी भरवसा नाही, कारण ते आजूबाजूचा कोड बघून लिहितं आणि आजूबाजूला डब्ल्यू वालं मालवण असेल तर तेच मोठ्या आत्मविश्वासाने पुढे वाढवतं. आणि आमच्याकडे जुलैत वीज गेली की नेट जातं, नेट गेलं की ते मुकं होतं. वर सांगितलेलं बाकी सगळं लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतं.

भावाच्या प्रोग्राममध्ये आता एकच चुकीचं नाव उरलंय. होडीच्या टेबलमधली तांडेलची कॉलम, त्यात एन गळलाय, मीच गाळला होता. तिच्यावरून दर आठवड्याला एक शीट बनून होडीवाल्यांच्या ग्रुपवर जाते आणि त्या शीटवर अजून दोघांनी आपापले फॉर्म्युले बांधलेत, म्हणून हात लावत नाही. कोडमध्ये एका ठिकाणी तिला नीट नाव दिलंय, वर देवनागरीत कमेंट, आणि टायपोजच्या यादीत तो चुकलेला शब्द बरोबर म्हणून नोंदवलाय, नाहीतर हुक दर कमिटला मलाच अडवतो.